एकही माणूस गेला नाही

"मला काही झालं तर पळून गेला म्हण. आईला दुसरं काही कळता कामा नये. रागावलेली आई जगेल, रडणारी नाही जगायची."

हे बोलताना नवरा वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता. थोरला भाऊ तापाने गेला, तेव्हा आईने अंथरूण धरलेलं त्याने पाहिलं होतं. बायकोने हसत हसत कबूल केलं. मग तो दरीवर ताणलेल्या तारांवर कामाला गेला, आणि एका वादळी दुपारी वरून खाली गेला.

"नदीने नेलं," पुलाच्या कामावरचे साहेब तिला म्हणाले. "हाती काही लागायचं नाही आता."

एकही बळी न घेता बांधलेला पूल, अशी पाटी आधीच तयार होती. त्यामुळे तिने घरी सांगितलं तसं, पळून गेला हे साहेबांच्याही सोयीचं होतं. पूल खुला झाल्यावर त्यांनी तिला तिथेच पाहुण्यांना पूल दाखवायची नोकरी दिली.

"ही मुख्य तार," ती रोज सांगे. "लांबून एकच दिसते, पण आत पेन्सिलीएवढ्या जाड हजारो तारा एकत्र आवळल्यात. दोन्ही टोकं डोंगराच्या पोटात गाडलीत. सगळा भार शेवटी डोंगर सोसतो. पूल हलतोय ना? हलू दे. हलतो म्हणूनच टिकतो."

मधोमध काचेची जमीन होती. काचेखाली ढग, ढगांखाली दोऱ्याएवढी नदी. लोक तिथे फोटो काढत, एकमेकांना ढकलल्याचं नाटक करत. ती काचेवर उभी राहून समोर बघायची. खाली नाही.

"बांधताना कोणी पडलं का हो?" हा प्रश्न ठरलेला.

"नाही. एकही माणूस गेला नाही."

"एक गेला की," मागून सासूबाईंचा आवाज येई. त्या दुपारच्या घोळक्याबरोबर नेमाने पुलावर येत. "माझाच मुलगा. पळून गेला. हिच्या हातचं खाऊन कंटाळला बिचारा."

लोक हसायचे. तीही हसायची.

"आई, हे घरी बोला हो."

"घरी कोण ऐकणार? भिंतींना पाठ झालंय सगळं."

गल्लीतही तेच. नवरा धरून ठेवता आला नाही म्हणे. ती ऐकून घ्यायची. रडायचं तर न्हाणीघरात नळ सोडून रडायचं. तेवढ्यात सासूबाई दार ठोठावायच्या. "सगळी टाकी रिकामी करतेस का? बाहेर ये, भाजी करपतेय." डोळे पुसून बाहेर यावं, तर भाजी अजून चिरायचीच असायची.

"आला ना तो, तर लगेच पाघळू नकोस," सासूबाई बजावायच्या. "आधी मी बघते त्याच्याकडे."

कधी वाटे, सांगून टाकावं. दोघींनी मिळून एकदाचं रडून घ्यावं. पण त्या अशा ठसक्यात त्याची वाट बघायच्या, की ती पुन्हा भाजी चिरायला बसायची.

आज दुपारी ती काचेवर होती. एक बाई मध्येच घाबरून तिच्या हाताला घट्ट बिलगली होती. तिला धीर देताना सहज मान वळली, आणि तिचाच धीर सुटला.

पुलाच्या तोंडाशी बाकावर सासूबाई बसल्या होत्या. आज गुडघे धरले म्हणून त्या तिथेच थांबल्या होत्या. त्यांच्याकडे वाकून बोलत होता तो जुना मुकादम. त्या दिवशी तारांवर तो नवऱ्याच्याच टोळीत होता.

"ताई, हात सोडू नका हं," बाई डोळे मिटून म्हणाली.

"नाही सोडत. चला, एकेक पाऊल टाका."

बाई पाऊल टाकेना. मुकादम बाकावर टेकला. सासूबाईंनी मान खाली घातली. तिला ओरडायचं होतं, पण काय म्हणून ओरडणार?

बाकावर मुकादम हलक्या आवाजात विचारत होता, "सुनेला अजून सांगितलं नाहीत?"

"नाही. तुम्हीही सांगायचं नाही."

"कधीतरी कळेलच की, आजी."

"माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. तो सापडला तेव्हा ओळख पटवायला तुम्ही तिला न्यायला आलात आणि दारात मी भेटले, ही देवाची कृपा. नदीकाठी त्याचं तोंड पुसताना शब्द दिलाय मी त्याला. पळून गेला या रागावर उभी आहे ती. खरं कळलं तर मोडून पडेल."

त्यांनी छत्री टेकून गुडघे सरळ केले, कपाळावर नेहमीची आठी चढवली, आणि सुनेला टोमणा मारायला त्या हळूहळू पुलावर निघाल्या.