काळी किनार

दवाखान्यातून महिन्यानं घरी आलेले अप्पा काठी टेकत थेट काचेच्या टाकीपाशी गेले. आत त्यांचा लाडका क्लाऊनफिश पोहत होता.

नारिंगी अंग तेच, पांढरे पट्टेही तेच. पण पट्ट्यांची काळी किनार चांगलीच जाड. त्यांच्या माशाची किनार काजळाच्या रेघेइतकी बारीक होती. ही जातच वेगळी.

“हा आपला नव्हे. आपला मेला ना?”

“तुम्हाला धक्का बसू नये म्हणून दुसरा आणला, अप्पा,” मुलगा पुटपुटला.

अप्पा खुर्चीत बसले. अपघाताच्या वेळी गाडीत शेजारी बसलेली बायको सांगलीला बहिणीकडे आराम करतेय, असं हाच मुलगा रोज सांगत होता. फोन लाव म्हटलं की ती नेमकी झोपलेली असायची.

टाकीवरून नजर न हलवता त्यांनी विचारलं, “तुझी आई कधी गेली?”