आजचा वार

तातडीच्या विभागात, पडदा ओढून घेतलेल्या खाटेवर बाबा डोळे मिटून पडले होते. त्यांच्या कपाळावरचे टाके पुरे करून डॉक्टरबाई कानाशी वाकल्या. “जिन्याशी कुस्ती खेळलात, आजोबा. आता सांगा, आज वार कोणता?”

बाबांनी डोळे उघडून क्षणभर माझ्याकडे पाहिले. “रविवार.”

“आज बुधवार आहे,” बाई हळूच मला म्हणाल्या. “हा डोक्याच्या माराचा परिणाम, की आधीपासूनच असा गोंधळ होतो?”

“वय झालंय, डॉक्टर,” मी खात्रीने सांगितले. “हल्ली त्यांना कशाचंच भान राहत नाही.”

बाबा ओशाळून हसले.



“चुकलं हो, डॉक्टर. मुलगा आलेला दिसला, म्हणून मला रविवार वाटला.”