मॅडमचा पलंग

"गाइडसाहेब, मॅडम मेली ना? मग ती इथून जात का नाही?"

रनीकनं विचारलं आणि मागं डेजा-किमोया या तिच्या मैत्रिणींनी एकमेकींना चिमटे काढले. पैजच तशी होती. सगळ्या वर्गादेखत स्वतःच्या बापाला 'गाइडसाहेब' म्हणायचं, आणि अजिबात हसायचं नाही.

डॅडीही काही कमी नव्हते. त्यांनी टोपी काढून तिला वाकून सलाम ठोकला. "छान प्रश्न, मिस. कुठल्या शाळेच्या आपण?"

वर्ग खिदळला. रनीकला मात्र नवल वाटलं. आज डॅडी तिच्याशी बोलले! घरी ते कुणाशीच बोलत नसत.

फेअरहोप मळ्याच्या या वाड्यातल्या मॅडमला अख्खा जमैका ओळखतो. तिनं तीन नवरे विष घालून मारले. मळ्यातल्या गुलामांना एवढ्यातेवढ्यावरून चाबकानं फोडायची. शेवटी त्यांच्यातल्याच एकानं तिचा गळा दाबला, तो याच पलंगावर. अजून ऊन उतरलं की आरशात तिचा हिरवा झगा दिसतो म्हणे. पलंगाभोवती लाल दोर बांधलेला. उशीवर अजून खळगा.

"आता मला सांगा," डॅडी म्हणाले, "माणूस गेलं की नवव्या रात्री आपण काय करतो?"

"मासे तळतो!" डेजा ओरडली.

"आणि माझे काका रम पिऊन रडतात!" किमोया म्हणाली.

"ते तर झालंच. पण पलंगही फिरवतो. गादी उलटी करतो, कपाट सरकवतो. मेलेलं माणूस परत येतं, बघतं, म्हणतं, ही काही माझी खोली नव्हे. आणि आपल्या वाटेनं निघून जातं. हिचा पलंग कुणी हलवला? हलवला तर तिकीट कोण काढणार, माझी आजी? म्हणून मॅडम रोज येते. उशी जिथल्या तिथं, फणी जिथल्या तिथं. तिला वाटतं, अजून आपली कुणीतरी वाट..."

डॅडी थांबले.

घाबरवायला थांबले असं वर्गाला वाटलं. किमोयानं भुताचा आवाज काढला. डॅडी टोपीची कड फिरवत राहिले. रनीककडे बघेनात. मग "चला, बाहेर चला" म्हणाले. तळघरातली बेड्यांची गोष्ट सांगायची तशीच राहिली.

"जिंकलीस की गं! बापाची बोलती बंद!" डेजानं तिच्या पाठीत धपाटा घातला.

रनीक घरी आली तेव्हा डेव्हॉनच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तिचा मोठा भाऊ. मागच्या वर्षी मोटरसायकलवरून पडून गेला. नवव्या रात्री सगळी वस्ती जमली, गाणी झाली, मासे झाले. पलंग फिरवायची वेळ आली तशी मम्मी दारात हात पसरून उभी राहिली. तेव्हापासून चादर तीच. पलंगाखाली त्याचे फुटबॉलचे बूट. मम्मी ते रोज पुसते. डॅडी त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, व्हरांड्यात झोपतात. रनीकचं ताट स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं असतं. ती एकटीच जेवते.

आज तिनं ताट उघडलं नाही. सरळ खोलीत गेली आणि पलंगाला खांदा लावला. जुनं महोगनीचं लाकूड. जागचं हललं नाही.

डॅडी कामावरून आले. मम्मी चुलीशी होती. रनीक दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. घाम पुसला.

"आपण डेव्हॉनचा पलंग फिरवतोय. आत्ता," ती म्हणाली. "मला एकटीला हलवता आला नाही. डॅडी, तुम्ही उशाकडून धरा. मम्मी, तू पायथ्याकडून. मधे मी आहेच."