कृत्तिकांजवळचा धूमकेतू

राळेगणच्या माळावर अंधार पडताच मनवाने ट्रायपॉडवर कॅमेरा चढवला. नवरा शेजारीच शाल पांघरून बसला होता. मोठ्या आजारातून उठल्यावर सुश्रुत आज पहिल्यांदाच घराबाहेर पडला होता.

रुंद भिंगात कृत्तिकांचा पुंजका आणि त्याला बिलगलेला धूमकेतू दोन्ही छान मावले. पण फोटोत खाली, माळाच्या कडेला, दोघं जण पाठमोरी बसलेली दिसत होती. समोर तर कोणीच नव्हतं.

“अगं, त्यातल्या एकाच्या अंगावरची शाल माझीच आहे,” सुश्रुत स्क्रीनवर वाकून हळूच म्हणाला. “आणि शेजारी तू.”

मनवाने घाईने दुसरा फोटो काढला. त्यात धूमकेतू होता, कृत्तिका होत्या, आणि ती एकटीच बसली होती.

“बघू, आता कसा आलाय?” सुश्रुतने हात पुढे केला.

मनवाने स्क्रीनवर तळहात घट्ट दाबून धरला.