शेवटची शिट्टी

ऱ्होंडा खोऱ्यातल्या कोळसाखाणीत बापासोबत राबणारा इडवल वेल्सच्या रग्बी संघात खेळायचा. शनिवारी त्याने इंग्लंडच्या धटिंगणांना खांद्याने रेटत मागे नेलं होतं. सोमवारी खाणीचं छत कोसळलं, आणि बापाच्या छातीवरची शिळा त्याला तसूभरही हलेना.

“पुरे, लेका. माणसं येतील,” बाप धापा टाकत म्हणाला. “तोवर मॅचचं सांग.”

“बा, पाठ झालीय की तुला!”

“सांगायला पैसे पडतात का?”

इडवल त्याचा हात धरून पहिल्यापासून सांगू लागला, रेषेपलीकडे चेंडू टेकवून केलेला एकेक ट्राय. माणसं येईनात. खेळ संपत आला, तशी बापाची पकड सैल पडू लागली. मग इडवलने शेवटची शिट्टी वाजूच दिली नाही. मैदानात कधीच न झालेले ट्राय तो एकामागून एक सांगत राहिला.