एकाच चेंडूचं कार्ड

ओहायोतल्या आमच्या क्लबात जुने गाजलेले बेसबॉलचे संघ कार्डांवर आणि फाशांवर पुन्हा लढतात. खेळाडूने त्या संघाच्या वर्षी मैदानावर जे केलं, तेच त्याच्या कार्डाच्या रकान्यांत उतरतं; फासे सांगतील तो रकाना लागतो. सामन्याआधी दोघांनी आपापला संघ मोठ्याने वाचायचा, ही इथली रीत. आमचे म्हातारे कोच स्ट्रोबेल आपला त्रेसष्ट सालचा विजेता संघ वाचून हसले. "तू एकसष्टचा घेतलास? तोही मीच घडवलाय, पण तो कच्चा होता. हरायची हौसच दिसते तुला." मी शेवटचं कार्ड टेबलावर ठेवलं. माझंच. "तू? तुला तर मी वर्षभर बाकावर बसवलं होतं." "एकदाच खेळवलंत. तो चेंडू मी कुंपणापार नदीत मारला." त्यांनी चष्मा चढवून कार्ड वाचलं. फासे कसेही पडोत, प्रत्येक रकान्यात होमरनच होता, कुंपणापार जाणारा फटका. फासे मी त्यांच्याच हातात दिले. "कोच, दुसरी संधी दिली असतीत, तर हे कार्ड बिघडलं असतं."