निळीत बुडवलेले मास्क

मुलांनो, समजा एक पांढरा मास्क आहे. घालणाऱ्याच्या श्वासात साथीचा रोग असेल, तर तो आपोआप निळा पडतो. असे मास्क घालणाऱ्या गावात राहायला तुम्हाला आवडेल का?

शर्वीच्या गावात ते सगळ्यांकडे होते. पण कोणाचा मास्क निळा दिसला की माणसं लांबूनच तोंड फिरवत. मग आळीतल्या बायकांनी युक्ती काढली आणि घरोघरचे मास्क कपड्यांच्या निळीत बुडवून टाकले. आता कोणालाच लाजायला नको. पण आजारी कोण, हेही कोणाला कळेना.

आज दादाच्या बाळाचं बारसं होतं. नऊ वर्षांची शर्वी त्याची एकुलती आत्या. बाळाच्या कानात नाव तीच सांगणार होती, आणि ते अजून दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हतं.

पाळण्याकडे जाता जाता ती थांबली. "आई, न बुडवलेला मास्क दे ना."

"आत्ता? सगळ्या बघतायत गं. निळा पडला तर?"

"पडतो का, तेच बघायचंय."

"आल्या डॉक्टरीणबाई," शेजारच्या कुसुममावशी हसल्या.

शर्वीने पांढरा मास्क लावला, दहा श्वास मोजले आणि आरशात पाहिलं. नाकाखाली निळा डाग पसरत होता.

शर्वी अंगणात गेली. तिथून तिने वहिनीला फोन लावला, तो बाळाच्या कानाशी धरायला सांगितला, आणि निळा मास्क तोंडावर तसाच ठेवून हळूच म्हणाली, "कुर्रर्र..."